राउटरमागचा संगणक

सकाळी आठ

बॅग भरायला फार वेळ लागत नाही, पण भरलेली बॅग मी एकदा उपसून बघतोच. क्रिम्पिंग टूल, आरजे-45 चे कनेक्टर, केबल टेस्टर, कॅट-6 ची तयार केबल, पेनड्राइव्ह, एचडीएमआयचा छोटा डमी प्लग, आणि वेगळ्या कंपनीचं सिम घातलेला जुना मोबाईल. हा मोबाईल कशाला, असं नवीन पोरं विचारतात. घरच्या संगणकापर्यंत बाहेरून पोचता येतं का, हे त्याच घरच्या वायफायवर बसून तपासता येत नाही. त्यासाठी खरोखर बाहेर असावं लागतं, आणि मोबाईल डेटा हे सगळ्यात जवळचं ‘बाहेर’ आहे.

आजचं मुख्य काम सांगलीत गावभागातल्या एका ताईंचं. त्या वीस वर्षं घरी डीटीपी करतात. दोन दिवाळी अंकांची पानं हातात आहेत, आणि लेकीचं बाळंतपण पुण्यात. शनिवारी निघायचं, तीन महिने तिकडेच राहायचं. संगणक मात्र इथंच राहणार. काल रात्री फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘दादा, पुण्यातनं हीच मशीन वापरता येईल ना? नाहीतर अंक दुसऱ्याला द्यावे लागतील.’’

येईल, म्हटलं.

साडेनऊ

ताईंचा संगणक माडीवर आहे. 2019 च्या पुरात खालच्या खोलीत पाणी शिरलं, तेव्हापासून वर. राउटर मात्र अजून खालीच, जिन्याजवळच्या कोनाड्यात, आणि वर सगळं वायफायवर चालू. पहिलं काम हेच. राउटरपासून माडीपर्यंत केबल ओढली, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवले, टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागलेले बघितले. ज्या मशीनपुढे तीन महिने कुणी बसणार नाही, ती वायफायच्या भरवशावर ठेवू नये. राउटर आणि त्याच्या शेजारचा फायबरचा डबा, दोन्ही छोट्या यूपीएसवर घेतले. लाइट गेली की नुसता संगणक जगून उपयोग नसतो.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, एक लॅपटॉप घ्यावा आणि सगळं त्यावर उतरवावं. मराठी डीटीपी जवळून पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. ताईंच्या जुन्या फायली पेजमेकरच्या आहेत आणि फॉन्ट युनिकोडच्या आधीचे. त्या पद्धतीत ‘क’ हा क म्हणून साठवलेला नसतो. एखाद्या इंग्रजी अक्षराच्या जागेवर फॉन्टनं क चं चित्र बसवलेलं असतं. तोच फॉन्ट, त्याच आवृत्तीचा, दुसऱ्या मशीनवर नसेल तर अख्खं पान इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल होऊन उघडतं. शिवाय अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरची डाँगल, प्रेसच्या पद्धतीनं बसवलेली पीडीएफची मापं, वीस वर्षांची फोल्डरं. प्रत्येक गोष्ट हलवता येते, पण अंक छपाईला जायच्या महिन्यात ती हलवू नये.

साडेदहा

आता मशीन नेटवर कुठं उभी आहे ते बघायचं. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप केलं. संगणकाचा पत्ता 192.168.1.7, राउटरचा 192.168.1.1. हे पत्ते घरगुती, अशा खासगी वापरासाठी राखून ठेवलेल्या गटातले. सांगलीतच असे पत्ते हजारो घरांत असतील. ते घराबाहेर चालत नाहीत.

मग राउटरच्या पानावर जाऊन बाहेरच्या बाजूचा, म्हणजे वॅनचा पत्ता बघितला. तो 100.81 नं सुरू होत होता. आणि ‘माझा आयपी काय’ असं विचारल्यावर ब्राउझरनं तिसराच पत्ता दाखवला. माझी शोधाशोध इथं संपली. राउटर स्वतःच दुसऱ्या कुणाच्या तरी मागं उभा होता.

ताईंचे यजमान साखर कारखान्यात होते, म्हणून ताईंना तिथल्याच भाषेत सांगितलं. कारखान्याचा बाहेरचा फोन नंबर एक आणि आत एक्स्टेन्शन ढीगभर. आतून शून्य दाबून कुणीही बाहेर फोन लावतो. बाहेरून आलेला फोन मात्र ऑपरेटरकडे जातो, आणि अमुक खात्याला जोड असं त्याला सांगून ठेवलेलं नसेल तर तो फोन ठेवून देतो. राउटर हा तो ऑपरेटर. त्याला सांगून ठेवणं म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. पण तुमच्या बाबतीत कारखान्याचा अख्खा बोर्डच दुसऱ्या मोठ्या बोर्डाचं एक एक्स्टेन्शन आहे. आपल्या ऑपरेटरला आपण कितीही सांगितलं तरी वरचा ऑपरेटर आपला नाही.

‘‘मग आमचा भाचा परवा दोन तास राउटरमध्ये काय करत होता?’’

भाच्यानं रिमोट डेस्कटॉपचं 3389 क्रमांकाचं पोर्ट पुढं ढकललं होतं. राउटरच्या बाजूनं नोंद अगदी बरोबर होती. फक्त तिथवर बाहेरून काहीही पोचणार नव्हतं.

ही व्यवस्था का आली, तेही सांगण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांची एकूण संख्या साधारण 429 कोटी. पत्त्यांचा मध्यवर्ती साठा 3 फेब्रुवारी 2011 ला संपला. पुढच्या वर्षी, एप्रिल 2012 मध्ये, 100.64 पासून 100.127 पर्यंतचा पट्टा खास इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी वेगळा काढला गेला, म्हणजे एकाच बाहेरच्या पत्त्यामागं अनेक घरं बसवता यावीत. ताईंच्या राउटरला मिळालेला 100.81 त्याच पट्ट्यातला. राउटरचा वॅन-पत्ता या पट्ट्यात दिसला की पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडावा. नवीन पद्धतीच्या आयपीव्ही6 पत्त्यांची अशी टंचाई नाही, आणि मोबाईल कंपन्यांनी आपल्याकडे ते भरपूर दिलेत. पण ताईंच्या घरच्या जोडणीवर ते आलेले नव्हते.

नेट देणाऱ्याला फोन केला. स्थिर पत्ता मिळतो, वर्षाचे वेगळे पैसे भरावे लागतात, म्हणाला. माणूस नीट बोलला. पण मी तो घेतला नाही, आणि पैसे वाचवणं हे त्यामागचं कारण नव्हतं.

साडेअकरा

कारण हे. स्थिर पत्ता घेऊन 3389 उघडं ठेवलं, तर ते दार एकट्या ताईंसाठी उघडं राहत नाही. जगभरातली यंत्रं रात्रंदिवस पत्त्यांमागून पत्ते ठोठावत असतात, उघडं पोर्ट सापडलं की पासवर्ड लावून बघत बसतात. मे 2019 मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भोक सापडलं. त्यातून जुन्या विंडोजच्या मशीनमध्ये पासवर्डशिवाय शिरता येत होतं. धोका इतका मोठा की मायक्रोसॉफ्टनं केव्हाच सोडून दिलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली. ताईंची मशीन विंडोज 10 ची आहे, आणि तिच्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या 14 ऑक्टोबर 2025 ला थांबल्या. अशी मशीन थेट इंटरनेटपुढे मी उभी करणार नाही. आत यायची वाट आतल्या मशीननंच बाहेर हात देऊन काढायची, एवढं मी या धंद्यात धरून ठेवलंय.

ते असं होतं. सांगलीची मशीन आणि पुण्यातला लेकीचा लॅपटॉप, दोघंही एका ठरलेल्या सर्व्हरकडे आपणहून जातात. बाहेर जाणाऱ्याला राउटर अडवत नाही. सर्व्हर दोघांना एकमेकांचा बाहेरून दिसणारा पत्ता आणि पोर्ट कळवतो. मग दोघंही एकाच वेळी एकमेकांकडे पॅकेट पाठवतात. इकडच्या राउटरला वाटतं, तिकडून आलं ते माझ्या माणसाच्या हाकेचं उत्तर. तिकडच्यालाही तेच वाटतं. दोन्हीकडून रस्ता मोकळा होतो आणि सर्व्हर मधून बाजूला होतो. कंपनीच्या बाजूचा राउटर फारच कडक असेल तर हे साधत नाही. तेव्हा सगळा मजकूर मधल्या रिले सर्व्हरवरून जातो, पण कुलूपबंद. किल्ल्या दोन टोकांच्या मशीनवरच असतात, रिलेला आतलं वाचता येत नाही.

मी यासाठी टेलस्केल वापरतो. त्याच्या पोटात वायरगार्ड आहे, जेसन डोनेनफेल्डनं लिहिलेलं. 2020 च्या मार्चमध्ये आलेल्या लिनक्स 5.6 मध्ये ते थेट गाभ्यातच घेतलं गेलं. मूळ संहिता चारेक हजार ओळींची, म्हणजे एखाद्या जाणत्या माणसाला बसून वाचून तपासता येईल एवढी. कुलूप निवडताना मला हे फार मोलाचं वाटतं.

भाच्याचं म्हणणं होतं की एनीडेस्क टाकलं असतं तर पाच मिनिटांत झालं असतं. झालं असतं हे खरं. तेही आतून बाहेरच जोडतं. तासाभराच्या मदतीला ते उत्तम. पण रोजच्या कामासाठी, तीन महिने, कुणी समोर नसताना एका आकडी पत्त्यावर आणि एका पासवर्डवर अख्खी मशीन सोडायची, हे मला पटत नाही.

खातं ताईंच्याच गूगलवर काढलं. माझ्या खात्यात गिऱ्हाइकाची मशीन मी घेत नाही. आज मी भला आहे, पण माझा मोबाईल चोरीला गेला तर? ताईंच्या गूगलला दोन टप्प्यांची खातरजमा लावली, कारण आता किल्ली तीच. टेलस्केलमध्ये ‘रन अनअटेंडेड’वर खूण केली. ती नसेल तर लाइट जाऊन मशीन परत सुरू झाल्यावर कुणीतरी लॉगिन करेपर्यंत जोडणी होत नाही, आणि ते लॉगिन करायला ताई पुण्यात.

नवीन पत्ता मिळाला तो पुन्हा 100 नंच सुरू होणारा. ताईंनी तो लगेच हेरला. ‘‘हा मघाचाच का?’’ मघाचा नाही, पण पट्टा तोच. टेलस्केल त्याच राखीव पट्ट्यातून आपल्या मशीनना पत्ते देतं. राउटरचा 100.81 कंपनीच्या बाजूचा, हा ताईंच्या खासगी जाळ्यातला. दोन्ही मी कागदावर वेगळ्या रंगात लिहून दिले.

आता पडद्याचा प्रश्न. विंडोजच्या होम आवृत्तीत दुसऱ्याला रिमोट डेस्कटॉपनं आत घेता येत नाही, त्यासाठी प्रो लागते. पैसे भरून प्रो करता आली असती. पण काही सॉफ्टवेअरच्या डाँगला रिमोट डेस्कटॉपचं सत्र ओळखतात आणि चालायचं नाकारतात. त्यापेक्षा व्हीएनसी बरं. केंब्रिजच्या एका संशोधन प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात जन्मलेलं हे साधन मशीनपुढचा खरा पडदा जसाच्या तसा दाखवतं, त्यामुळे डाँगलला वाटतं ताई समोरच बसल्यात. टाइटव्हीएनसी टाकलं. त्याचा एक दोष माहीत असायलाच हवा. व्हीएनसीच्या जुन्या पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं मोजली जातात. उघड्या इंटरनेटवर ते ठेवणं वेडेपणाचं. टेलस्केलनं काढलेल्या बोगद्याच्या आत मात्र चालतं, आणि तिथंही मी फक्त पुण्याच्या लॅपटॉपच्या पत्त्याला परवानगी ठेवली. बाकी सगळ्यांना बंदी.

जुना मोबाईल काढला, वायफाय बंद करून डेटावर घेतला, ताईंच्या खात्यावर त्यालाही घटकाभर जाळ्यात आणि परवानगीच्या यादीत बसवला. पिंग मारला. पहिलं उत्तर बेंगळुरूच्या रिलेवरून आलं. दुसरंही. मग तिसऱ्याला रिलेचं नाव गेलं आणि समोरचा थेट पत्ता झळकला. वाट सापडली होती. पडदा उघडला तेव्हा मोबाईलच्या काचेवर दिवाळी अंकाचं अनुक्रमणिकेचं पान होतं, आणि ताईंनी चष्मा वर सरकवून ते माझ्या हातातून घेतलं. मग तो मोबाईल दोन्ही याद्यांतून काढून टाकला.

दुपारी एक

जेवण ताईंनी सोडलं नाही. भाकरी, वांग्याची भाजी, वर मूठभर भडंग. अर्ध्या तासात उठलो.

दोन

कुपवाड एमआयडीसीत एका शेडचे कॅमेरे. मालकांना घरून मोबाईलवर बघायचं होतं, म्हणून कधी काळी कुणीतरी डीव्हीआरची पोर्टं सरळ इंटरनेटला उघडून दिली, आणि पासवर्ड कारखान्यातून आलेलाच ठेवला. 2016 साली मिराई नावाच्या व्हायरसनं असेच कॅमेरे आणि डीव्हीआर लाखांच्या संख्येनं कह्यात घेतले, आणि 21 ऑक्टोबरला त्यांच्या जोरावर अमेरिकेतल्या डाइन या कंपनीचे सर्व्हर दाबून धरले. ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास अडखळत होते. त्या व्हायरसकडचं हत्यार म्हणजे कारखान्यातून येणाऱ्या पासवर्डांची साठ-बासष्ट जोड्यांची यादी. मालकांच्या डीव्हीआरचा पासवर्ड असल्या कुठल्याही यादीत पहिल्यांदा बसला असता.

राउटरमधल्या नोंदी पुसल्या, यूपीएनपी बंद केलं, म्हणजे डीव्हीआर आपल्या मनानं पुन्हा दार उघडणार नाही. पासवर्ड बदलला. ऑफिसात कायम चालू असणाऱ्या एका छोट्या मशीनवरून बोगदा दिला. मालक म्हणाले, ‘‘आधी एकाच बटनात दिसायचं, आता दोन दाबायला लागत्यात.’’ मी हो म्हटलं. त्या एका जादा बटनासाठी मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

साडेचार

पुन्हा गावभाग. आता खरी परीक्षा, कारण पुण्यात लेकीनं लॅपटॉप उघडलाय. जोडलं गेलं, पान दिसलं, माउस हलला. मग तिनं टाइप केलं आणि पानावर भलतंच उमटलं.

याची मला अपेक्षा होती. व्हीएनसी कुठली कळ दाबली हे न पाठवता, दाबल्यावर कुठलं अक्षर झालं ते पाठवतं. लेकीच्या लॅपटॉपवर मराठी इनस्क्रिप्ट चालू होतं, म्हणून सांगलीच्या मशीनला आयती देवनागरी अक्षरं पोचत होती. तिथलं सॉफ्टवेअर मात्र इंग्रजी कळांची वाट बघतंय. लॅपटॉप इंग्रजीवर ठेवायचा आणि मराठी सांगलीलाच होऊ द्यायचं, एवढं केलं की गाडी रुळावर. काही जोडाक्षरं ताई ऑल्ट दाबून आकड्यांनी काढतात, बोटांना सवय आहे. लॅपटॉपला आकड्यांचा वेगळा पॅड नाही. यूएसबीचा सुटा पॅड शनिवारी सोबत न्यायचा, म्हणून यादीत लिहिला.

दुसरी अडचण मीच मुद्दाम काढून दाखवली. मॉनिटरची केबल काढली. पुण्याच्या पडद्यावर सगळं एकदम मोठं आणि चौकोनी झालं. मॉनिटर दिसेनासा झाला की विंडोज कमी मापाच्या पडद्यावर उतरते आणि पानाची मांडणी बघणं अशक्य होतं. त्याच खाचेत बॅगेतला डमी प्लग बसवला. हा प्लग नुसता ‘मी मॉनिटर आहे’ असं मशीनला सांगत राहतो. माप परत आलं. शनिवारी जाताना केबल काढून हाच बसवायचा. तीन महिने रिकाम्या खोलीत ताईंचं काम पडद्यावर हलताना कुणाला दिसणार नाही, हा त्यातला आणखी एक फायदा.

मग बायॉसमध्ये जाऊन लाइट परत आल्यावर मशीन आपणहून सुरू व्हावी अशी नोंद केली, झोपेची सेटिंग काढली, आणि बोर्डावरचं बटन सरळ बंद करून पुन्हा चालू केलं. ताईंनी श्वास धरला होता. विंडोज उठली, लॉगिनच्या पडद्यावर थांबली, आणि पुण्यातून आवाज आला, ‘‘आई, दिसतंय गं. पासवर्ड टाकू?’’

सहा

मिरजेच्या एका निवृत्त गुरुजींचा फोन. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्यानं केवायसीसाठी मोबाईलवर एक ॲप टाकायला सांगितलंय आणि स्क्रीनवरचा नऊ आकडी नंबर मागतोय, देऊ का? मी त्यांना आधी फोन ठेवायला आणि ॲप काढायला लावलं, मगच बाकीचं बोललो. फेब्रुवारी 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना नेमक्या याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं. फसवणारा काही फोडत नाही, आपणच नंबर वाचून त्याला आत घेतो. मी दिवसभर ज्या तऱ्हेचं साधन लोकांच्या कामासाठी बसवतो, तसल्याच साधनानं गुरुजींची पेन्शन गेली असती. राग येतो. ॲपवर नाही. रात्री नातवाशी बोलून त्यांच्या मोबाईलवरची बाकीची ॲप बघणार आहे.

रात्री साडेआठ

घरी बसून ताईंसाठी एक पान लिहिलं, मोठ्या अक्षरात, कारण अडचण येते तेव्हा पान चाळत बसायला वेळ नसतो. आधी पुण्याचं नेट बघा, मग लॅपटॉपवर टेलस्केल चालू आहे का ते. यादीत सांगलीची मशीन बंद दिसली तर खालच्या मजल्यावरच्या दिरांना फोन करा. त्यांनी कोनाड्यातल्या राउटरचं बटन बंद करून मिनिटभरानं चालू करायचं आणि बाकी कशालाही हात लावायचा नाही. अंकाचं फोल्डर रोज रात्री बाहेरच्या ड्राइव्हवर आपोआप उतरतं, दर रविवारी त्याची तारीख बघा. पुराचा इशारा आला तर मशीन बंद करून ड्राइव्ह कुणाकडून तरी विश्रामबागेतल्या बहिणीकडे पोचवा.

टेलस्केल प्रत्येक मशीनला साधारणपणे 180 दिवसांनी पुन्हा ओळख पटवायला लावतं. कायम चालणाऱ्या मशीनसाठी मी ती मुदत काढून टाकतो. ताईंच्या बाबतीत ती तशीच राहू दिली. काम तीन महिन्यांचं आहे, त्यांना ती आडवी येणार नाही, आणि उद्या कुणाला आठवणच राहिली नाही तरी वाट आपोआप बंद होईल.

डायरीत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यासमोर नोंद केली: गावभागच्या ताईंना फोन, पुण्याचा लॅपटॉप यादीतून काढणे, व्हीएनसी बंद, मॉनिटरची केबल परत.